फणी कुणासाठी?

केस हा काय लेखाचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. पोटाचे प्रश्न पडलेत आणि हा केसांवर लिहितो! म्हणू दे. ज्या केसांपायी माणसाची नोकरी जाते, पोरीला शाळेत बोलणी बसतात, तिथं केस हा पोटाचाच प्रश्न होतो.

मी बोलतोय काळ्या माणसाच्या केसांबद्दल. आखूड, दाट, स्प्रिंगसारखे वळलेले केस. गोऱ्यांनी त्यांना लोकर म्हटलं, राठ म्हटलं, गबाळं म्हटलं. १७८६ साली न्यू ऑर्लिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानं फर्मान काढलं, गुलाम नसलेल्या काळ्या बायांनीही केस फडक्यानं झाकावेत. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली केसांत पेन्सिल खोचून माणसाचा वंश ठरवला जायचा. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. आपल्याकडं आडनाव हुंगतात, तिथं पेन्सिल खोचायचे.

तर सवाल असा, की वाईट कोण? केस की फणी?

सूतगिरणीत राबणाऱ्याला हे लवकर कळतं. कापसाचा तंतू कोरडा पडला की तुटतो, म्हणून खात्यातली हवा दमट ठेवतात. धागा तुटायला लागला की हवा बघतात, मशीन बघतात. कापसाची अब्रू कुणी काढत नाही. वळलेल्या केसाचं तेच. डोक्याचं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं. वळणावळणाच्या केसात ते वरच राहतं, टोकं कोरडी पडतात आणि केस वळणावर तुटतो. इलाज साधा आहे. रोज साबण चोळायचा नाही. आधी पाणी, मग तेल, म्हणजे ओल टिकते. फणी रुंद दातांची, केस ओले असताना, टोकाकडून सुरू करून मुळाकडं. रात्री डोक्याला साटीनचं फडकं, कारण सुती उशी ओल पिऊन घेते. एवढं केलं की तोच 'राठ' केस मऊ लागतो. बारीक दातांची फणी सरळ केसांसाठी घडवली. ती इथं अडकली, तर दोष केसाला. नाचता येईना, अंगण वाकडं!

मग काळ्यांनी केस सरळ का केले? माल्कम एक्सच्या १९६५ च्या आत्मचरित्रात त्याच्या तरुणपणाची हकीकत आहे. कॉस्टिक, बटाटे, अंडी यांचा लेप डोक्याला. कातडी भाजून निघाली. पुढं त्याला तो स्वतःचाच अपमान वाटला. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, त्या काळात मोकळा वाढवलेला केस हाच जाहीरनामा झाला. त्यांच्याच नावावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथर आली.

पण इथंच थांबून विचार केला पाहिजे. केस सरळ करणारी बाई गुलाम आणि तसेच ठेवणारी क्रांतिकारक, असा शिक्का मारायचा का? मला न्हाई पटत. नोकरी टिकवायला लेप लावणारी आई पोरांची पोटं भरत होती. तिच्याकडं बोट दाखवणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच, तू वाकलास का, असं विचारणं. कसोटी केसाची नव्हे, किमतीची. केस बदलले नाहीत तर काय गमवावं लागतं? भाकरी गमवावी लागत असेल तर ती आवड नव्हे, सक्ती आहे. काहीच गमवावं लागत नसेल तर खुशाल सरळ कर, कुरळे ठेव, नाहीतर भादरून टाक.

२०१६ साली प्रिटोरियातल्या शाळकरी मुली केसांच्या नियमांविरुद्ध उभ्या राहिल्या. २०१९ साली कॅलिफोर्नियानं क्राउन कायदा करून केसांच्या पोतावरून, वेण्यांवरून होणारा भेदभाव बंद केला. जन्मानं मिळालेल्या केसांनिशी कामावर जायला कायदा लागावा, ही शरम केसांची नाही.

विधवेचं डोकं भादरणाऱ्या आपल्या धर्ममार्तंडांना हे पक्कं ठाऊक होतं, की केसावर ज्याचा हुकूम, माणसावर त्याचा हुकूम. म्हणून पाणी, तेल, रुंद फणी ही नुसती नटण्याची सामग्री नव्हे. आपलं जे आहे त्याची रीत शिकून घेणं, हा त्या हुकमाला दिलेला नकार आहे.

दोस्तांनो, कुणाला राठ म्हणण्याआधी हातातली फणी बघा. ती कुणाच्या डोक्यासाठी घडवलीय?