आसनाचं ऋण

पॅरिसला लेकीकडे गेले होते, तेव्हा तिने मला शहराबाहेरच्या मालमेझाँला नेलं. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिने १७९९ साली विकत घेतलेलं हे घर. महॉगनीच्या तांबूस-काळ्या लाकडाच्या, हातांच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांवर जडवलेलं ब्राँझचं नक्षीकाम दोनशे वर्षांनंतरही सोन्यासारखं झळकत होतं. सोन्यासारखं कशाला, ते सोनंच.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. हे सोनं ब्राँझवर कसं बसतं, ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच नुसतं कौतुक करून पुढे जाता येईना. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करायचा. तो पितळी तारांच्या कुंचल्याने ब्राँझवर माखायचा, मग कोळशाच्या धगीवर धरायचा. पारा उडतो, सोनं मागे राहतं. जिथे लखलख हवी, तिथे अकीकाने घोटायचं. जिथे मंद झळाळी हवी, तिथे तसंच सोडायचं. उडालेला पारा मात्र संपत नाही. त्याच्या वाफेला ना वास, ना रंग. शेगडीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत ती शिरते. हिरड्या सुजतात, दात हलतात, हात थरथरू लागतात.

नेपोलियनच्या राजवाड्यांना ब्राँझकाम पुरवणारा राव्रियो १८१४ साली वारला. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवायचा उपाय जो शोधेल, त्याला ३००० फ्रँक द्यावेत, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. ते बक्षीस १८१८ साली दार्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. त्याची युक्ती साधी होती: धुराड्याला आणखी एक छोटी भट्टी जोडायची, म्हणजे तापलेली हवा वर चढते आणि कारागिराच्या तोंडासमोरची वाफ ओढून नेते.

राव्रियोच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. पण त्याच्या त्या पैशांना मी प्रायश्चित्त म्हणणार नाही. प्रायश्चित्त आपण आपल्यासाठी घेतो, स्वतःचं पाप धुवायला. ऋण दुसऱ्याचं असतं, त्याला ते पोचवावं लागतं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन आपण लहानपणापासून ऐकतो. शतपथ ब्राह्मणात चौथं आहे, मनुष्यऋण. माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावं, म्हणजे ते फिटतं. पाहुण्याला आपण आधी बसायला देतो. देवालासुद्धा आवाहनानंतर आसनच. त्या आसनापायीच कुणाचा श्वास गेला असेल, तर त्यावर बसणारा ऋणातून सुटतो का? मला वाटतं, नाही. न बसता नुसता डोळे भरून पाहणाराही नाही. आणि ज्यांचं देणं लागतो ते गेले असतील, तर तेच काम आज करणाऱ्यांना ते द्यावं लागतं. राव्रियोने तेच केलं.

हे त्या खुर्चीसमोर मला इतकं लागलं, त्याला कारण आहे. प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला की मी मुलांना पाऱ्याचे थेंब फरशीवर पळवून दाखवायची. मुलं हरखून जायची. उरलेला पारा फरशीच्या फटींत जायचा, पावसाळ्यात खिडक्या बंद असायच्या, आणि रोज सकाळी शिपाईमामा वाकून ती खोली झाडायचे. वाफेचा धडा मीच शिकवत होते, तरी एकदाही त्यांना थांबवलं नाही.

मामा आता नाहीत. प्रयोगशाळा तीच आहे, फरशीही तीच. ती रोज कोण झाडतं, याची चौकशी मी परत आल्यावर पहिल्यांदा केली.