डब्याकडे बोट

गुजरातमधल्या कामरेज चार रस्त्याजवळच्या एका व्यायामशाळेत ऐकलेलं वाक्य डोक्यातून जात नाही. स्पर्धांना उतरणाऱ्या एका खानदेशी पोराच्या हातात प्रोटीनचा डबा देत शिकवणारा म्हणाला, "उत्तेजक चाचणीत पकडला गेलास तर डब्याचं नाव सांग, सुटशील."

नुसतं डब्याचं नाव सांगून कुणी सुटत नाही. आणि हे त्या पोराला सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

उत्तेजक घेताना पकडला गेलेला धावपटू बेन जॉन्सन, २००३ ची जागतिक उत्तेजकविरोधी संहिता, आपली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था नाडा, २०२२ चा आपला उत्तेजकविरोधी कायदा हा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. अंगात सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, इथवर वादही नाही. चुकीचा वाचला जातो तो १९९५ चा क्विग्ली निवाडा. या कठोर नियमाचं मूळ म्हणून त्याचा दाखला देतात. पण त्यात खेळाडू जिंकला होता! अमेरिकेचा हा नेमबाज कैरोत आजारी पडला, डॉक्टरच्या औषधातून बंदी असलेलं एफेड्रिन अंगात गेलं. क्रीडा लवादाने कठोर जबाबदारीचं तत्त्व मान्य केलं, पण नेमबाजी महासंघाच्या नियमात हेतूची अट होती, म्हणून शिक्षा रद्द केली. नियम करणाऱ्याने आधी तो स्वच्छ लिहावा, मग खेळाडूला धरावं. माझ्या मते कठोर जबाबदारीच्या कल्पनेचा अर्धा जीव इथे आहे, आणि नेमका तोच आपण विसरलो.

पुढे दोन प्रश्न वेगळे झाले: नियम मोडला का, आणि दोष किती. क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्युटालीन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. ते खोकल्याच्या औषधातून आलं हे क्रिकेट मंडळाने मानलं, तरी आठ महिने बंदी झालीच. चाचणीत सापडलेल्या कुस्तीगीर नरसिंग यादवने २०१६ मध्ये घातपात झाल्याचं सांगितलं, नाडाने सोडलंही. लवादाला मात्र पुरावा पटला नाही. चार वर्षांची बंदी आली, रिओ ऑलिम्पिक गेलं.

डब्यातली भेसळ मात्र खोटी नाही. कोलोनच्या प्रयोगशाळेने २००० ते २००१ मध्ये ६३४ पूरकं तपासली. ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडवर्गीय द्रव्यं निघाली. म्हणून २०१५ च्या संहितेत दूषित उत्पादनासाठी सवलत आली, शिक्षा ताकिदीपासून दोन वर्षांच्या बंदीपर्यंत. पण भेसळ कुठून आली ते खेळाडूने सिद्ध करायचं. शिवाय ते द्रव्य लेबलवर किंवा इंटरनेटवरच्या साध्या शोधात दिसत असेल, तर ते उत्पादन दूषित धरलंच जात नाही.

साधा शोध कुणासाठी साधा? घरी अहिराणी, शाळेत गुजराती आणि डब्यावर बारीक इंग्रजी, अशा पोरासाठी? जबाबदारी त्याचीच राहू द्या, मी ती काढून घ्यायला सांगत नाही. पण बंदी असलेलं द्रव्य खेळाडूला देणं हाही संहितेत गुन्हा आहे, आणि तिचा हात अशा व्यायामशाळेपर्यंत क्वचितच पोचतो.

मी त्या पोराला डबा फिरवून मागचं वाचायला सांगितलं. त्याला फक्त चॉकलेट हा शब्द लागला.