सादगीचे पाणी कोण भरते?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या घरी एक पाहुणे येतात. ते आमचे जुने मित्र आहेत. खुशनवीस आहेत, चित्रेही काढतात. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे, मशिदी-मदरशांच्या पाट्या, कोणाच्या दिवाणखान्यात लावायचा तुगरा, असे जे काम मिळेल ते करतात. कोणाचीही नोकरी करत नाहीत. त्यांचे वडील मुंबईत कातिब होते. बोरूच्या कलमाने आणि रोशनाईने त्यांनी आयुष्यभर पानेच्या पाने लिहिली. १९९० नंतरच्या दशकात उर्दू मजकूर संगणकावर जुळू लागला आणि हा पेशा बघता बघता संपला. मुलाने वडिलांचा कलम ठेवून दिला नाही. संगणकही शिकून घेतला आणि दोन्हींवर पोट भरू लागला. ‘मिळाली तर रोजी, नाही तर रोजा,’ असे ते हसत हसत सांगतात.

मे महिन्यात त्यांच्याकडे काम कमी असते. तेव्हा ते मुंबई सोडतात. दोन जोड कपडे, कलमदान, वही आणि लॅपटॉप. दिव्याहून सुटणारी, वाटेत जागोजागी थांबणारी गाडी पकडतात. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. त्यामुळे जलद गाड्या पुढे जाव्यात म्हणून ही गाडी एखाद्या लहानशा स्टेशनावर अर्धा अर्धा तास उभी राहते. लोक वैतागतात. आमचे मित्र खाली उतरून काजूच्या झाडाखाली बसतात आणि समोर दिसेल ते वहीत उतरवतात. वाटेत मनाला वाटेल त्या गावी उतरायचे, ओळखीच्या घरी किंवा मशिदीच्या मुसाफिरखान्यात एक-दोन रात्री काढायच्या, पुढे लाल एसटीने जायचे. मुंबईहून आमच्या गावी लोक एका रात्रीत येतात. त्यांना पंधरा दिवस लागतात.

आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. घंटा झाली की वर्ग, घंटा झाली की सुट्टी. पगार ठरलेला, बदलीची धास्ती ठरलेली. मित्र आले की अंगणात चटई टाकून रात्री उशिरापर्यंत गप्पा चालायच्या. ते म्हणायचे, ‘माणसाला लागते किती? दोन भाकऱ्या, चार हात जागा. बाकी सगळा पसारा.’ आम्ही मान डोलवायचो. कनाअत, तवक्कुल, सब्र हे जे शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो, ते आमच्या अंगणात चटईवर बसले आहेत असे वाटायचे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मित्रांचा मुक्काम बारा दिवसांचा झाला होता. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. उरलेले पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीवरून आणावे लागते. त्या रात्री आम्ही पत्नीजवळ मित्रांच्या साध्या राहणीची तारीफ करत होतो. ती भांडी आवरत होती. आवाज न चढवता ती म्हणाली, ‘भाई साधे राहतात, खरे आहे. पण त्यांच्या साधेपणाला रोज सहा हंडे जास्त लागतात.’

आम्ही गप्प झालो. ती तक्रार नव्हती. पाहुण्याला कमी लेखणारी ती नव्हे. तिने फक्त हिशेब सांगितला होता, आणि त्या हिशेबात आमचे नावही होते. कारण बारा दिवसांत एकही हंडा आम्ही भरला नव्हता. आम्ही सादगीवर बोलत बसलो होतो.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात आहे. सादगी म्हणजे काय, हा तो प्रश्न नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रश्न असा की, एखाद्याने साधे राहायचे ठरवले, संथ चालायचे ठरवले, तर त्याचा खर्च कोण देतो?

आमच्या धर्मात प्रवासाबद्दलचा विचार मोठा वास्तववादी आहे. माणसाने जगात मुसाफिरासारखे राहावे, अशी शिकवण आहे, आणि ती आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण त्याच हदीस-संग्रहांत प्रवासाला यातनेचा एक भागही म्हटले आहे. तो माणसाचे खाणेपिणे आणि झोप हिरावून घेतो, म्हणून काम झाले की घरच्यांकडे लवकर परतावे, असे सांगितले आहे. मुसाफिराला नमाजात कसरची सवलत आहे, रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, जकातीत वाटा आहे. म्हणजे मुसाफिर हा सोय करावी असा माणूस मानला आहे. मात्र मेहमाननवाजीची हद्दही आखून दिली आहे. तीन दिवस पाहुण्याचा हक्क, पुढे ते सदका. आणि यजमान अडचणीत येईल इतके पाहुण्याने राहू नये, हेही स्पष्ट बजावले आहे. यजमानाचे कर्तव्य आपण वाजवून सांगतो. पाहुण्याच्या कर्तव्याविषयी बोलणारा मात्र क्वचितच भेटतो.

हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दरदा यांचा प्रसंग बुखारी शरीफमध्ये आला आहे. अबू दरदा दिवसा रोजे ठेवत, रात्रभर नमाजीत उभे राहत. सलमान त्यांच्या घरी गेले तेव्हा घरातल्या बाईची अवस्था त्यांना विस्कटलेली दिसली. कारण विचारले तर ती म्हणाली की, तुमच्या भावाला या दुनियेत रस उरलेला नाही. सलमानांनी अबू दरदांना आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि समजावले की तुमच्यावर रबचा हक्क आहे, तुमच्या शरीराचा आहे आणि घरच्यांचाही आहे. प्रत्येकाचा हक्क द्या. ही गोष्ट पैगंबरसाहेबांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असा निर्वाळा दिला. आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अबू दरदांच्या त्यागाची किंमत प्रथम दिसली ती घरातल्या स्त्रीच्या अंगावर. आणि सलमान मोठे यासाठी की, त्यांनी तिच्याकडे पाहिले.

दुसरे उदाहरण इमाम गजालींचे. १०९१ साली ते बगदादच्या निजामिया मदरशात मुदर्रिस झाले. त्या काळातले ते सर्वांत मानाचे पद. चार वर्षांनी, १०९५ साली, त्यांनी ते सोडले आणि दमास्कस, जेरूसलेम, मक्का-मदिना अशी वाट धरली. दमास्कसच्या जामा मशिदीच्या मिनारात ते दिवस दिवस दार लावून बसत. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या आत्मकथनात लिहिली आहे. वाझ-तकरिरीत आपण एवढेच ऐकतो की त्यांनी सगळे सोडले. पण त्याच हकिकतीत ते नमूद करतात की, माल वाटून टाकताना स्वतःपुरते आणि मुलाबाळांच्या निर्वाहापुरते त्यांनी मागे ठेवले होते. आणि पुढे मुलांच्या हाकेनेच त्यांना वतनाकडे परत खेचले. ११०६ साली ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. एवढा मोठा जाहिद, पण दार ओढून घेण्यापूर्वी त्याने घरातल्या कणगीत हात घालून पाहिला होता. त्यांच्या फकिरीला यामुळे कमीपणा येत नाही. आमच्या मते यामुळेच ती खरी ठरते.

आता दुसरी बाजू. साधेपणा निवडण्यासाठी आधी निवड हाती असावी लागते. एकदा सातवीच्या वर्गात आम्ही सादगीचा धडा शिकवत होतो. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, असलेले सोडले तर सादगी. आणि मुळात नसलेच तर?’ त्याचे वडील बंदरावर मजुरी करतात. त्याला काय उत्तर द्यावे हे आम्हाला सुचले नाही. ‘ते सब्र,’ असे काहीतरी बोलून आम्ही धडा पुढे नेला. आजही ते उत्तर आम्हाला टोचते. ज्याच्याकडे चप्पल नाही त्याच्यापुढे अनवाणी चालण्याचे गुण गाऊ नयेत, एवढे तरी मास्तराला कळायला हवे होते.

२०२० सालचा उन्हाळा आठवा. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मजूर शहरे सोडून पायी निघाले. रमजान त्याच उन्हाळ्यात होता. जालन्याहून निघालेले काही मजूर लोहमार्गाने चालत होते. गाड्या बंद आहेत या समजाने थकून रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्यांचा प्रवासही संथच होता. त्यांचे सामानही थोडेच होते. संथपणा आणि साधेपणा एवढ्यानेच पुण्य लागत असते तर त्या भाकऱ्या पाहून आपल्याला लाज का वाटली असती?

मग आमच्या मित्राने नोकरी धरावी, रात्रीच्या बसने यावे आणि चौथ्या दिवशी परतावे, असे आम्हाला म्हणायचे आहे का? नाही. त्यांच्या संथ चालण्यातून जे हाती येते ते खोटे नाही. त्यांच्या वहीत आम्ही आमच्याच गावची कौले, आमच्याच जेट्टीवर जाळे विणणाऱ्या म्हाताऱ्याची बोटे पहिल्यांदा नीट पाहिली. घाईचे काम सैतानाचे, अशी म्हण आहे. ‘नून’ची गोलाई घाईत उतरत नाही, हे कलम धरणारा कोणीही सांगेल. डोळा निवल्याशिवाय हात निवत नाही. अशा माणसाला थांबण्याचा वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्या कामाचाच भाग असतो.

शिवाय त्यांच्या सादगीची किंमत ते स्वतःही चुकवत असतात, आणि ती आपणच वसूल करतो. पत्रिका छापून, वाटून, लग्न लागून जाते तरी पैसे मिळत नाहीत. पाटी मशिदीवर चढते आणि कमिटी म्हणते, ‘हे तर सवाबचे काम.’ कोणी म्हणतो, ‘तुम्ही फकीर माणूस, तुम्हाला पैशाचे काय?’ मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही हदीस त्याच मशिदीत जुम्म्याला ऐकवली जाते. शाई वाळून वर्ष लोटते त्याचे काय? आम्हा पगारदारांना सुट्टीतही पगार मिळतो. त्यांची सुट्टी म्हणजे तेवढ्या दिवसांची बिनपगारी. कलावंत साधा राहतो म्हणून त्याला कमी द्यावे, हा न्याय कोणत्या किताबात आहे?

म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंनी करावा लागेल. साधे राहणाऱ्याने पाहावे की आपला भार नकळत दुसऱ्याच्या डोक्यावर तर गेला नाही. विशेषतः घरातल्या बाईच्या, कारण तिचा घाम जमाखर्चात लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आणि इतरांनी पाहावे की एखाद्याच्या कनाअतीवर आपण आपला नफा तर काढत नाही. ज्याच्या सादगीचे ओझे तो स्वतः उचलतो, त्याची ती सादगी. जिचे ओझे दुसरा उचलतो, ती फक्त हौस. आणि जी लादली जाते तिला सादगी म्हणूच नये. तिला तंगी म्हणावे आणि ती दूर करण्याच्या मागे लागावे. त्या मुलाला त्या दिवशी आम्ही हेच उत्तर द्यायला हवे होते.

पत्नीचे ते वाक्य आम्ही मित्रांना सांगितले. सांगावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. दोस्ती तुटेल अशी भीती होती. ऐकून ते बराच वेळ बोटातला कलम फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या अम्मीने आयुष्यभर अब्बांच्या वझूचे पाणी भरले. मी ते कधी मोजले नाही.’ दुसऱ्या दिवशी पहाटे फजरनंतर आम्ही दोघे हंडे घेऊन खालच्या वाडीत उतरलो. विहिरीवरच्या बाया पदराआड हसत होत्या. चढावर आमचा दम गेला आणि अर्धे पाणी वाटेतच सांडले. पत्नीने उरलेले पाणी पाहिले, काही बोलली नाही. पण दारात उभी राहून तीही हसली.

आता ते येतात तेव्हा मुक्काम मोजका ठेवतात, पहाटेचे पाणी भरतात. आमच्या शाळेतल्या मुलांना चार दिवस कलम धरायला शिकवतात. आणि आम्ही सुट्टी संपली तरी पाण्याला जातो. रोज जातो असे म्हणणार नाही. पण ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी कनाअतीवर बोलत नाही.

गाडी अजूनही लहान स्टेशनावर अर्धा अर्धा तास थांबते. तिच्या पुढून जलद गाडी जाते तेव्हा फलाटावर पाण्याच्या बाटल्या विकणारी पोरे धावतात. आमचे मित्र म्हणतात, पूर्वी मी झाड पाहायचो, आता ती पोरेही दिसतात. संथ चालण्याचा एवढा तरी फायदा व्हायलाच हवा.