वाचाळ कोणास म्हणावे?

'वाच्' या एकाच शब्दापासून संस्कृतात 'वाग्मी' आणि 'वाचाल' ही दोन विशेषणे निघाली. पाणिनीने ती लागोपाठच्या दोन सूत्रांत सिद्ध केली आहेत. पुष्कळ बोलतो तो वाचाल, एवढेच त्याचे सूत्र सांगते. पुढच्या वैयाकरणांना मात्र ते अपुरे वाटले. निंदा अभिप्रेत असेल तरच हा शब्द योजावा. जो पुष्कळ परंतु नीट बोलतो तो वाग्मीच होय, अशी पुस्ती त्यांनी जोडली. अमरकोशानेही वाचाळाच्या अर्थात 'पुष्कळ' याच्या जोडीला 'निंद्य' हा अंश ठेवला आहे. तात्पर्य, दोष शब्दांच्या संख्येत नाही, त्यांच्या गुणात आहे.

मराठीने हा दोष कारागिराच्या दृष्टीने पाहिला. आपण 'तोंडाची टकळी' म्हणतो, 'चऱ्हाट वळणे' म्हणतो. टकळीतून सूत निघते, वळल्याने दोर होतो. बोलण्यातून मात्र हाती काहीच लागत नाही, हा त्यातला टोला. 'चर्पटपंजरी'ची कथा निराळी. शंकराचार्यांच्या नावे चालत आलेले हे वैराग्यपर स्तोत्र. त्याचे नाव मराठीत कंटाळवाण्या बडबडीला चिकटले. येथे दोष स्तोत्राचा की कानांचा?

हा प्रश्न नीतीचा आहे. कारण बोलणे निंद्य की नेटके, हे ठरवतो ऐकणारा. आणि तो बहुधा अधिकाराच्या जागी असतो. वडीलधाऱ्यांचे लांबलेले बोलणे अनुभव ठरते, सुनेचे तेवढेच बोलणे वाचाळपणा ठरतो. जनकाच्या सभेत गार्गीच्या प्रश्नांची मालिका लांबली, तेव्हा याज्ञवल्क्यांनी 'मस्तक गळून पडेल' असे बजावून तिला थांबवले. ती काही वेळ गप्प बसली, पण पुन्हा उठली आणि तिने आणखी दोन प्रश्न विचारले. अक्षरब्रह्माचे ते थोर विवेचन बृहदारण्यकाला लाभले ते त्या प्रश्नांमुळे. सभेने तिला वाचाळ म्हणून खाली बसवले असते तर?

पोकळ बडबड जगात पुष्कळ आहे, हे खरेच. तिला नाव हवेच. परंतु ते नाव उच्चारणाऱ्यावर एक जबाबदारी येते : आधी पुरते ऐकून घेण्याची. न ऐकताच दुसऱ्याला वाचाळ ठरवणे, म्हणजे उत्तर देण्याचे टाळणे होय. गीतेच्या ध्यानश्लोकात भगवत्कृपेने मुकाही 'वाचाल' होतो. तेथे हा शब्द निंदेचा उरत नाही, वरदानाचा होतो. ज्याला कधी बोलूच दिले नाही, तो बोलू लागला की प्रथम थोडे अधिकच बोलणार. तेवढे सोसण्याइतकी कृपा माणसापाशीही असावी.