बाजारातली टोपली आणि आपले मत



मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २०) द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळताना पुन्हा बाजारात जातो. कोणी काम न दिलेली माणसे तिथे उभी असतात. धनी त्यांना आळशी ठरवत नाही. त्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो. अर्ध्या मजुरीत घरची चूल पेटत नाही.

आपल्या वसईतही भाजी, मासळी, फुलांची टोपली घेऊन भगिनी बाजारात बसतात. ‘रस्ता अडवतात’ एवढेच आपण म्हणतो. पथविक्रेता कायदा, २०१४ प्रमाणे विक्रीची योजना नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशींवरून करायची असते. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून द्यायचे असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. पण यादीत नाव नसेल, तर मत कसे देणार? शेजारणीला अर्ज भरता येत नसेल, तर तो भरून देणे हीसुद्धा प्रभूची सेवा आहे.

आपण गिऱ्हाईक आहोत, तसे मतदारही आहोत. मत हा हक्क आणि कर्तव्यही आहे, ते सर्वांच्या हितासाठी वापरावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. मत कोणाला द्यावे हे मी सांगणार नाही. मात्र पालिकेच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, “या भगिनी कुठे बसणार?” पाकीट घेतले, तर हा प्रश्न विचारायला तोंड उरत नाही.

प्रभू आपल्याला बाजारातही एकमेकांचे शेजारी करो. आमेन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू