मजुरांचं पत्र कोण वाचतं?

मोहाडी, तुमसर, भंडारा या पट्ट्यात विडी वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, डोळेही. कान तेवढे मोकळे. भिजवलेलं तेंदूपान कात्रीने कापायचं, त्यात तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. अशा कामात वाचायला जमत नाही, ऐकायला जमतं. हवानाच्या सिगार कारखान्यांतल्या कामगारांनी हे १८६५ सालीच हेरलं होतं. स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून ते एक वाचक नेमत, आणि तो उंचावर बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. मालकांना ही प्रथा डाचू लागली, यात नवल ते काय!

विदर्भात मजुरांसाठी पत्र नव्हतं असं मात्र नाही. मोहप्याचे किसन फागूजी बनसोड यांनी १९१० मध्ये नागपुरात स्वतःचा छापखाना घातला, 'निराश्रित हिंद नागरिक' काढलं आणि पुढे १९१८ ते १९२२ या काळात 'मजूर पत्रिका' चालवली. पत्रिका निघाली तेव्हा बाबासाहेबांचा 'मूकनायक' यायला दोन वर्षं अवकाश होता. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांतल्या बहुतेकांना अक्षर पिढ्यान्‌पिढ्या नाकारलं गेलेलं. म्हणून बनसोडांनी १९०७ मध्ये सुरू केलेली चोखामेळा कन्याशाळा हा 'मजूर पत्रिके'चा पहिला अंक मानला पाहिजे. संपादकाला आधी वाचक घडवावा लागला.

अमेरिकेतल्या फिनिश मजुरांची गोष्ट याच्या अगदी उलट. मायदेशी लुथरन चर्चने वाचनाची सक्ती केलेली, त्यामुळे तांब्याच्या नि लोखंडाच्या खाणीत उतरणारा फिनिश माणूसही वाचता येणारा असे. त्यांचं 'त्यॉमिएस' १९०३ मध्ये वूस्टरला निघालं, वर्षभरात मिशिगनच्या हॅनकॉक गावी, खाणींच्या तोंडाशी गेलं, आणि १९१३च्या मोठ्या संपानंतर सुपीरियर शहरात स्थिरावलं. ड्युलूथचं 'इंडस्ट्रिअलिस्टी' तर १९१७ पासून १९७५ पर्यंत तगलं. याचं श्रेय एकट्या साक्षरतेला देऊन चालणार नाही. या मंडळींनी गावोगावी सभागृहं बांधली होती. तिथे नाटक, नाच, ग्रंथालय आणि सभा असं सगळं एकाच छपराखाली चाले. पत्र घरी येई, पण त्यावरचा वाद सभागृहात रंगे.

आणखी एक वाचक दोन्हीकडे होता, तो म्हणजे सरकार. १९१७ च्या युद्धकाळातल्या कायद्याने अमेरिकेतल्या परभाषिक पत्रांना राजकीय मजकुराचे इंग्रजी अनुवाद टपाल खात्याकडे द्यावे लागले. इकडे मुंबईत शेतकरी-कामकरी पक्षाचं 'क्रांती' १९२७ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला, आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या १९२९च्या मीरत खटल्यात त्यातले लेख इंग्रजीत उतरून पुरावा म्हणून मांडले गेले. इतक्या चिकाटीने मराठी कामगार पत्र वाचणारा दुसरा वर्गणीदार सापडणं कठीण.

तरीही 'क्रांती'ला गिरणगाव होतं. चाळीत एकाने वाचलेलं खोलीभर लोकांना कळे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० मध्ये 'दीनबंधु' मुंबईत हाती घेतला, तेव्हाही गिरणीच्या दारात माणसं जमत होती. म्हणूनच १८८४च्या सभांतून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज उभा राहू शकला आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली.

विडीचंही एकेकाळी असंच होतं. कामठीच्या बाबू हरदासांनी १९३०च्या दशकात विडी मजुरांची संघटना बांधली, तेव्हा कारखान्यांत माणसं एका ओळीत बसून विड्या वळत. पुढे १९६६चा विडी आणि सिगार कामगार कायदा आला. कारखान्यात जागा, पाणी, कामाचे तास, रजा यांचे नियम लागू झाले, तसं अनेक मालकांनी कामच ठेकेदारामार्फत घराघरांत पांगवलं. कायदा मजुरांच्या बाजूचा होता, यात शंका नाही. पण एकत्र बसायची जागा त्याच धांदलीत गेली. हवानासारखा वाचक आज मोहाडीत नेमायचा म्हटला, तर त्याला एकेक अंगण फिरावं लागेल.

आता या बायांपैकी बऱ्याच जणी शाळा शिकलेल्या आहेत. वाचता येतं, पण हाती येणारा छापील कागद म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, फार तर भविष्यनिर्वाह निधीची पावती. 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा पैसा कापला जातो, ही तक्रार एका अंगणातून दुसऱ्या अंगणात तोंडीच जाते. ती छापायला संपादक लागतो, हे खरं. पण त्याआधी दहा-वीस जणींना एकाच वेळी बसता येईल असं एखादं छप्पर लागतं, आणि त्याचं भाडं कोणी भरायचं हा प्रश्न बनसोडांच्या काळापेक्षा आज सोपा झालेला नाही.