अपरिग्रह आणि संगणकाची निवड

लहान, टिकाऊ आणि स्वस्त लॅपटॉप कोणता घ्यावा, हा वरवर पाहता बाजारातला प्रश्न आहे. किती घेतले म्हणजे पुरे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र धर्मविचाराचा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवणे, हा पाच यमांपैकी एक. जैन धर्मात मुनीसाठी ते महाव्रत आहे, तर गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण व्रत सांगितले आहे: आपल्या मालमत्तेची मर्यादा ज्याची त्याने आखून घ्यायची. तत्त्वार्थसूत्राच्या मते परिग्रहाचे मूळ आसक्तीत आहे, वस्तूत नाही. त्यामुळे संगणक बाळगण्यात दोष नाही. गरज ठरण्याआधीच हाव निवड करू लागते, तिथे दोष सुरू होतो.

म्हणून पहिली पायरी काम नक्की करण्याची. लेखन, वाचन, पत्रव्यवहार आणि हिशेब एवढेच काम असेल, तर 11 ते 13 इंची पडदा आणि साधा प्रोसेसर पुरतो. चित्रफितींचे संकलन हाच व्यवसाय असणाऱ्याला अधिक ताकदीचे यंत्र लागते आणि ते घेण्याने त्याचे व्रत मोडत नाही. परिमाण प्रत्येकाचे वेगळे असते. ते प्रामाणिकपणे ठरवणे एवढीच अट.

दुसरी पायरी टिकाऊपणाची. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हलका आणि सहज हलवता येण्याजोगा असावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी आणि वेळोवेळी दुरुस्ती केल्यास तो 20 वर्षे टिकावा, अशा अटी होत्या. किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती यांचा विचार इथे एकत्र केलेला दिसतो. संगणकालाही हीच कसोटी लावता येते. बिजागरी मजबूत आहे का, बॅटरी बदलता येते का, कीबोर्डचा सुटा भाग मिळतो का, मागचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का, हे पाहावे. एसएसडीत फिरणारे भाग नसल्याने प्रवासातले धक्के ती हार्ड डिस्कपेक्षा चांगले सोसते. वर्षभरात निकामी होणारे स्वस्त यंत्र पुन्हा खरेदी करायला लावते आणि ई-कचरा वाढवते. त्या कचऱ्यातले शिसे आणि इतर विषारी द्रव्ये तो उघड्यावर जाळणाऱ्या, फोडणाऱ्या मजुरांच्या शरीरात जातात. इथे अपरिग्रहाचा प्रश्न अहिंसेशी येऊन मिळतो.

तिसरी पायरी न्यायाची. थोडक्यात भागवण्याचा उपदेश ज्याच्याकडे काहीच नाही त्याला करणे अन्यायाचे आहे. निकोलस निग्रोपाँटे यांच्या पुढाकाराने मुलांसाठी तयार झालेला एक्सओ हा छोटा लॅपटॉप 2007 साली कर्जतजवळच्या खैरात या वाडीतील शाळेत पोहोचला. त्याचा पडदा 7.5 इंची, भर उन्हातही वाचता येणारा; कीबोर्ड धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी आवरणाचा; आत ना पंखा, ना हार्ड डिस्क. 100 डॉलरच्या किमतीचे उद्दिष्ट मात्र गाठता आले नाही. ती जवळपास दुप्पट झाली. तरीही या यंत्राने एक गोष्ट दाखवली: कमी साधनांचे यंत्र निकृष्टच असले पाहिजे असे नाही. वापरणाऱ्याच्या परिस्थितीचा विचार करून केलेली काटकसर हा त्याचा आदरच असतो.

काटकसरीलाही आसक्ती चिकटू शकते. सर्वांत स्वस्त, सर्वांत हलके यंत्र शोधण्यात महिने घालवणारे मन वस्तूतच गुंतलेले असते. काम ठरले, टिकाऊपणा तपासला आणि दुरुस्तीची सोय पाहिली, की खरेदी करून मन कामाकडे वळवावे. वापरलेले पण सुस्थितीतले यंत्र या कसोट्यांवर उतरत असेल, तर तेच पुन्हा वापरात आणणे अधिक श्रेयस्कर. ते काम देते तोवर नव्या मॉडेलची ओढ आवरणे, हे गृहस्थाला रोज पाळता येण्याजोगे व्रत आहे.